तिसरा पडसाद

१

माझ्या यंत्राला सोनार म्हणतात. लग्नानंतर कितीतरी वर्षं सासूबाईंची समजूत होती की मी दागिन्यांच्या दुकानात कामाला आहे. मीही ती कधी मोडली नाही. पाण्यात आवाज सोडायचा, तो परत यायची वाट बघायची आणि त्यावरून तळाशी काय पडलंय ते सांगायचं, हे त्यांना पटवत बसण्यापेक्षा दागिने बरे.

अठरा वर्षं मी हे काम केलं. बुडालेले पिंप, फुटलेल्या टाक्या, तळाला साचलेली रसायनं, सगळं शोधलं. माझा आकडा चुकला असं कुणी म्हणालेलं मला आठवत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते घाबरट बाईने सांगितलेलं नाही, एवढंच तुमच्या लक्षात असावं.

त्या वर्षी खाडीच्या तोंडाशी एक मालवाहू बार्ज बुडाली. तिच्यात यंत्रांवरचे तेलकट डाग काढायचं रसायन होतं. दिसायला पाण्यासारखं स्वच्छ, पण पाण्याच्या दीडपट जड. असं रसायन सांडलं की तरंगत नाही. तळाला जातं, उतार शोधतं आणि सगळ्यात खोल जागी जाऊन बसतं. धक्क्यापासून थोड्या अंतरावर फार पूर्वी कुणीतरी गाळ उपसून केलेला एक खड्डा होता, अठरा मीटर खोल. सगळं त्यात जाऊन बसलं. पाण्याखाली एक तळं. कॅमेऱ्याला ते दिसत नव्हतं, पाणबुड्याच्या दिव्यातही नीट कळत नव्हतं. आवाजाला मात्र स्वच्छ कळत होतं.

कसं, ते सांगते. मी सोडलेला आवाज खाली जातो आणि रसायनाच्या पृष्ठभागावर आपटून थोडा परत येतो. हा पहिला पडसाद. उरलेला आवाज रसायनातून जरा रेंगाळत खाली जातो, खऱ्या तळावर आपटतो आणि परत येतो. तो दुसरा. दोघांमध्ये जितका वेळ, तितका थर जाड. पहिल्या दिवशी तो ब्याऐंशी सेंटिमीटर भरला.

पंपाची नळी घेऊन खाली उतरायचा तो माझा धाकटा दीर. मी सकाळी थर मोजायचा, नळीचं तोंड कुठे ठेवायचं ते ठरवायचं, आणि मग भाऊजी उतरायचे. अठरा दिवसांनी मोठं उधाण येणार होतं. त्याआधी खड्डा रिकामा झाला नाही तर ते रसायन ढवळून खाडीभर पसरलं असतं आणि काठावरच्या विहिरी गेल्या असत्या. कामाचे साहेब रोज कॅलेंडरकडे बघायचे आणि मग माझ्याकडे.

"होईल," मी म्हणायचे.

"तुम्ही म्हणता म्हणजे होईलच," साहेब म्हणायचे.

२

पाचव्या दिवशी पडद्यावर तिसरी रेघ आली.

आमची बोट जुनी होती. माझी केबिन अडीच पावलं लांब, दोन पावलं रुंद. एक टेबल, त्यावर पडदा, शेजारी पाणबुड्याशी बोलायचा फोन, आणि एका हाताची खुर्ची. दुसरा हात कधीच मोडून गेला होता. एक गोल खिडकी होती, ती गंजून बंद झालेली. बाहेर पंपाची घरघर आणि नांगराची साखळी अधूनमधून करकरायची.

पहिला पडसाद, दुसरा पडसाद, आणि मग, सगळं संपायला हवं होतं तिथे, एक बारीक तिसरा. खड्ड्याच्या पश्चिम कडेला. हिशेब केला तर तळाच्या सहा मीटर खाली.

तळाखाली काही असू नये असं नाही. गाळात वायू अडकलेला असतो, जुने थर असतात. कधी आवाज बोटीच्या बुडाला आपटून पुन्हा खाली जातो आणि दोनदा परत येतो, तेव्हा असा खोटा पडसाद दिसतो. मी वहीत लिहिलं, "तळाखाली वायू असावा," आणि चहा प्यायले.

सहाव्या दिवशी तो साडेपाच मीटरवर होता. सातव्या दिवशी पाचवर.

मी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री म्हणजे आमच्या बोटीवरचे सगळ्या यंत्रांचे डॉक्टर. पाणबुड्याची दोरीही तेच धरायचे. त्यांनी पाण्यातला भाग वर काढला, खोलला, पुसला, पुन्हा जोडला.

"यंत्र ठणठणीत आहे, बाई."

"मग ही रेघ वर का येतेय?"

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याजवळ डोळे नेले. "रसायन वर काढलं की तळावरचा भार कमी होतो. वायू फुगत असेल."

हे उत्तर मला आवडलं. मी तेच वहीत लिहिलं. आपल्याला हवं ते उत्तर दुसऱ्याच्या तोंडून आलं की ते जास्त खरं वाटतं.

३

आठव्या दिवशी भाऊजी वर आले, हेल्मेट काढलं आणि माझ्या दारात उभे राहिले. अंगावरून पाणी निथळत होतं.

"वहिनी, आज तुम्ही आवाज सोडायचा थांबलाच नाहीत?"

"तुम्ही खाली असताना मी यंत्र बंद ठेवते. माहीत आहे तुम्हाला."

"हो ना. पण ऐकू येत होता." त्यांनी तोंडाने तो आवाज काढून दाखवला, खालून वर चढत जाणारी बारीक शीळ. माझ्या यंत्राची हीच शीळ. तिचा जेवढा भाग माणसाच्या कानाला लागतो, तेवढा अगदी असाच. "फक्त शेवटी जरा लांबत होता. दमल्यासारखा."

मी हसले. "तुमच्या कानांत पाणी गेलंय."

पण दुसऱ्या दिवशी ते खाली असताना मी यंत्राची वायर काढून टेबलावर माझ्यासमोर ठेवली, आणि नुसतं ऐकायचं वेगळं उपकरण पाण्यात सोडलं. हेडफोन लावले. बंदरातलं पाणी कधी गप्प नसतं. कोळंब्या आणि खेकडे तळाशी सतत तडतडत असतात, लाह्या फुटल्यासारखे. लांबून जहाजांचे पंखे येतात, साखळ्या येतात. या सगळ्यांतून भाऊजींचा श्वास येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर.

आणि मग शीळ.

माझीच. पण शेवटचा चढ नीट न जमलेली. गाणं शिकणारं मूल वरच्या सुराला पोचता पोचता घसरतं, तशी.

मी बंदराच्या कार्यालयात फोन केला. आसपास दुसरी सर्वेक्षणाची बोट आहे का? नाही म्हणाले. मी खात्री करायला सांगितल्यावर पुन्हा एकदा नाही म्हणाले.

त्याच्या पुढच्या दिवशी शिळेचा शेवट बरोबर जमला होता.

४

इथे माझी चूक झाली, आणि ती मी सरळ कबूल करते. मी काम थांबवलं नाही.

माझ्याकडे कारणं होती. थर चव्वेचाळीस सेंटिमीटरवर आला होता. उधाणाला आठ दिवस होते. आणि साहेबांना काय सांगायचं होतं? की तळाखालून कुणीतरी माझी नक्कल करतंय? अठरा वर्षांत कमावलेलं नाव एका वाक्यात पाण्यात गेलं असतं. मी स्वतःला समजावलं की खड्ड्याच्या भिंती विचित्र आहेत, एखाद्या कपारीत आवाज कोंडून राहतो आणि उशिरा बाहेर पडतो. आदल्या दिवशीचा आवाज आज कसा बाहेर पडेल, हा प्रश्न मी मला विचारला नाही.

आम्ही दोघी जावा एकाच घरात, वरच्या आणि खालच्या मजल्यावर. माझ्या जावेला सातवा महिना होता. त्या संध्याकाळी ती जिन्याच्या कठड्याला धरून सावकाश खाली आली आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

"ताई, संपत आलं ना हो काम?"

"आठवडा. फार तर."

"हे झोपेत बोलतात हल्ली. 'हो वहिनी, हो वहिनी' करत असतात." ती हसली. "मी म्हटलं, बायकोला कधी एवढं हो म्हणालात का?"

"खाली सारखं माझंच ऐकायचं असतं ना. डावीकडे दोन हात, उजवीकडे एक हात."

"तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही," ती म्हणाली आणि माझ्या हातातलं सूप घेऊन तांदूळ निवडायला लागली.

त्या दिवशी तिसरा पडसाद तळाच्या साडेतीन मीटर खाली होता.

५

सोळाव्या दिवशी तो दिसलाच नाही.

सकाळी पडद्यावर दोनच रेघा होत्या. थर सात सेंटिमीटर. मला इतकं हलकं वाटलं की मी मिस्त्रींना दुसऱ्यांदा चहा दिला. वायू निघून गेला असणार. पश्चिम कडेला दुसरी रेघ नेहमीपेक्षा जाड दिसत होती, पण थर इतका पातळ झाला की रेघा एकमेकींत मिसळतात. असं होतं.

भाऊजी नऊ वाजता उतरले. त्यांच्याशी बोलायच्या फोनला तार नव्हती. तार नळीत गुंतायची म्हणून आम्ही बिनतारी वापरत होतो. मी बटण दाबून बोलायचं, माझा आवाज पाण्यातूनच त्यांच्यापर्यंत जायचा, त्यांचा तसाच वर यायचा, नाकात बोलल्यासारखा. सोळा दिवस तीच चार वाक्यं.

"भाऊजी, डावीकडे दोन हात."

"हो वहिनी."

"थांबा. तिथेच धरा."

"धरली."

पंप घरघरत होता. मी बटणावरचं बोट काढलं आणि वहीत वेळ लिहू लागले.

"हो वहिनी, आलो," फोनमधून आवाज आला.

मी वर बघितलं. मी काही विचारलं नव्हतं. उशिरा उत्तर देतायत, असं वाटलं.

"अजून पुढे? नळी पुरत नाही, वहिनी."

मी बटण दाबलं. "भाऊजी, मी पुढे म्हणाले नाही. आहात तिथेच थांबा."

मग भाऊजी म्हणाले, "नक्की काय करू? थांबू की पुढे येऊ? तुम्ही दोन्ही सांगताय."

आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत त्याच फोनमधून एक बाई बोलली.

"भाऊजी, पुढे. दोन हाऽत."

बोलण्याआधी मी घसा किंचित खाकरते. मला ते माहीत नव्हतं. ते मी त्या क्षणी ऐकलं.

माझा हात बटणावर होता आणि मी ते दाबलं नाही. माझ्या अठरा वर्षांतली ही एकच गोष्ट आहे जिचा मला आजही अभिमान वाटतो. मी आणखी काही बोलले असते तर खालून तेही आलं असतं, माझ्याच आवाजात, माझ्या पाठोपाठ. भाऊजींनी कुठलीला वहिनी मानायचं? मी जितकं बोलणार, तितकी ती माझ्यासारखी होणार. पाण्यातून जाणारं काहीही आता माझं राहिलं नव्हतं.

"नळी सोड," बाई म्हणाली. मग स्वतःला दुरुस्त केल्यासारखं, "नळी सोडा, भाऊजी."

हे वाक्य मी सोळा दिवसांत एकदाही बोलले नव्हते.

६

मी धावत डेकवर आले. मिस्त्री दोरी धरून बसले होते.

"चार हिसके द्या," मी म्हणाले. चार हिसके म्हणजे असाल तसे वर या.

"काय झालं? फोनवर सांगा ना त्यांना—"

मी त्यांच्या हातून दोरी घेतली आणि स्वतः हिसके दिले. एक, दोन, तीन, चार. दोरी ढिली होती. तिच्या दुसऱ्या टोकाला कुणी असल्याची काही खूण आली नाही. मग ती माझ्या बोटांमधून सावकाश खाली जायला लागली. कुणी खेचत नव्हतं. माणूस शांतपणे चालत पुढे जातो तेव्हा दोरी अशीच जाते, एका लयीत, हातभर, आणखी हातभर.

"खाली जातायत," मिस्त्री म्हणाले. "पण खाली कुठे? तळाला तर होते."

आम्ही दोघांनी मिळून दोरी पकडली आणि पाय टेकवून ओढली. पुन्हा चार. पुन्हा चार. माझ्या तळहाताची सालटी निघाली. दोरी थांबली. तशीच ताणलेली राहिली, मला वाटतं दहा-बारा श्वास. केबिनच्या उघड्या दारातून माझा आवाज येत होता, समजावल्यासारखा, मऊ. शब्द कळत नव्हते.

मग दोरीतून उत्तर आलं. एक, दोन, तीन, चार.

आम्ही ओढत राहिलो. ठरल्याप्रमाणे मध्ये थांबवून, सावकाश वर घ्यायला हवं होतं. तेवढं भान मिस्त्रींनी ठेवलं, मी नाही. भाऊजींचं डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हा त्यांच्या हातात नळी नव्हती.

हेल्मेट काढल्यावर त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग केबिनकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुम्ही इथे आहात," ते म्हणाले.

"इथेच आहे."

मिस्त्रींनी त्यांच्या खांद्यावर घोंगडी टाकली. ती दोन्ही हातांनी धरून भाऊजी बोलले. "पश्चिमेला तळ संपतो, वहिनी. कड आहे. काल नव्हती. तुमचा आवाज कडेच्या खालून येत होता. मला वाटलं पाण्यात आवाज फिरतो, असं होत असेल. मी दिवा खाली धरला."

"मग?"

"दिव्याकडे वळलं."

"काय वळलं?"

त्यांनी मान हलवली. "माहीत नाही. पण वळायला फार वेळ लागला, वहिनी. एवढं मोठं."

त्याच वेळी केबिनमधला फोन बोलला. बाईने घसा खाकरला.

"भाऊजी, पुढे. दोन हात."

आणि भाऊजींच्या आवाजात, नाकात बोलल्यासारखं, आज्ञाधारक उत्तर आलं.

"हो वहिनी, आलो."

भाऊजी माझ्या शेजारी बसले होते. त्यांचे ओठ मिटलेले होते. मी आत गेले आणि फोनची विजेची वायर भिंतीतून उपटून काढली.

७

साहेबांशी मी अर्धा तास बोलले. कडेबद्दल सांगितलं, तळ खचतोय म्हणून सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही. उरलेलं रसायन उपसायचं नाही, वरून खड्डा बुजवायचा, असं मी म्हणाले. आधी चिकणमाती, मग खडी, मग सिमेंटच्या लाद्या. असं करतात, त्यात नवल काही नाही.

"फक्त सात सेंटिमीटर राहिलंय, बाई. एका दिवसाचं काम."

"माणूस खाली जाणार नाही," मी म्हणाले. "माझी सही हवी असेल तर बुजवा."

साहेबांनी माझ्या तळहातांच्या पट्ट्यांकडे बघितलं आणि फोन उचलला. उधाणाच्या आदल्या संध्याकाळी शेवटची लादी बसली. उधाण आलं आणि गेलं. विहिरींचं पाणी तीनदा तपासलं, स्वच्छ निघालं. काम फत्ते झालं, असं सगळ्यांनी मला सांगितलं, आणि ते खरंही होतं. भाऊजींनी पाण्यात उतरणं सोडलं. धक्क्यावर साहित्याच्या गोदामात त्यांना जागा मिळाली. दीड महिन्याने त्यांना मुलगी झाली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मला पत्र आलं. खड्डा नीट बंद झाल्याचं शेवटचं प्रमाणपत्र माझ्याच सहीने हवं होतं. मी जाणार म्हटल्यावर मिस्त्री छोटी बोट घेऊन आले, आणि भाऊजी न विचारता तीत येऊन बसले. जावेने त्यांना अडवलं नाही, हे मला नंतर कळलं. ती एवढंच म्हणाली होती की एकदा बघून या म्हणजे झोप लागेल.

सकाळ लख्ख होती. खड्ड्यावर पोचल्यावर नांगर टाकला. मी यंत्र लावलं आणि एकदाच आवाज सोडला. एकच पडसाद आला. लाद्यांचा, ठसठशीत. त्यानंतर काही नाही. दुसरा नाही, तिसरा नाही. मी कागद काढला आणि लिहिलं: "खड्डा पूर्ण झाकला आहे. गळती नाही." त्यातला शब्दन् शब्द खरा होता. सही केली.

मग हेडफोन लावले, नुसतं ऐकायला.

काही नव्हतं. आधी मला वाटलं उपकरण बंद पडलं. पण धक्क्यावरून निघताना मी तेच लावून बघितलं होतं, आणि तेव्हा तडतड, साखळ्या, पंखे, सगळं नेहमीसारखं होतं. वायर तपासली. वायर ठीक होती. खेकडे गप्प होते. कोळंब्या गप्प होत्या. लांबून एक जहाज बंदरात शिरताना मला डोळ्यांनी दिसत होतं आणि त्याचा पंखा कानांत येत नव्हता. अठरा वर्षांत मी पाणी असं ऐकलं नव्हतं. मला एकच माहीत होतं: गर्दीच्या खोलीत सगळे एकदम असे गप्प होतात, ते कुणीतरी आता बोलणार आहे आणि त्याचं नीट ऐकायचं आहे, तेव्हा.

मी हेडफोन काढले, अगदी सावकाश, टेबलाला लागू न देता.

मिस्त्रींचा हात इंजिनच्या चावीकडे गेला होता. मी बोट ओठांवर ठेवलं. ते थांबले. काय ते त्यांना कळलं नसावं, पण माझा चेहरा त्यांना पुरला. मी नांगराकडे खूण केली. ओहोटी लागली होती. नांगर सुटला तर बोट आपोआप बाहेर वाहून गेली असती. मिस्त्रींनी नांगर हातांनी वर घेतला, साखळीची प्रत्येक कडी मुठीत दाबून, एकीवर दुसरी आपटू न देता. त्याला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही.

बोट हलली. खाली लाद्यांचा फिका चौकोन पाण्यातून दिसल्यासारखा वाटला, पण अठरा मीटरवरचं काही दिसत नाही, तेव्हा तो दिसला नसणार.

भाऊजी कठड्यावर वाकून त्याच जागी बघत होते. त्यांनी मान वळवली, माझ्याकडे बघितलं, आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. "वहि—"

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. त्यांचा श्वास माझ्या तळहातावर गरम लागत होता. मी हात काढला नाही. आम्ही तिघे तसेच बसून राहिलो, आणि ओहोटी बोटीला हातभर, आणखी हातभर, तिथून बाहेर नेत राहिली.